बिनतारी जगांतील करारमदार

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. आमच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षक राहतात; सारी इमारत त्यांस अण्णा म्हणते. त्यांची कन्या परदेशीं असते, आणि दर रविवारीं सायंकाळीं मेजावरच्या संगणकापुढें बसून ते तिच्याशीं व नातवंडांशीं बोलतात. मोबाइलचा लहान पडदा त्यांच्या डोळ्यांस मानवत नाहीं. त्यामुळें २०१४ सालीं घेतलेला तो मोठ्या पडद्याचा संगणक हेंच त्यांचें परदेशाकडे उघडणारें दार. हें दार लागोपाठ तीन रविवार बंद राहिलें. घरांतील सर्वांचे मोबाइल बिनतारी जाळ्यास बिनतक्रार जोडलेले होते. संगणक तेवढा जोडला जाईना. अखेर चिरंजीवांनीं निकाल दिला : "यंत्र म्हातारें झालें. आतां तें काढून टाकावें हें बरें." अण्णा कांहीं बोलले नाहींत, पण हा निकाल एकट्या यंत्रापुरताच आहे असें त्यांस वाटलें नसावें, हें त्यांच्या मुद्रेवरून आम्हांस कळलें.

आम्ही यंत्रविद्येंत पारंगत नव्हे. इतिहासाचे साधे वाचक. तथापि, यंत्र टाकण्यापूर्वीं एक संध्याकाळ आम्हांस द्यावी, अशी विनंति आम्हीं केली व ती मान्य झाली. त्या संध्याकाळीं जें कळलें त्याचें सार एका वाक्यांत सांगतां येईल : बिनतारी जगांत पुष्कळदां दोष या यंत्रांतहि नसतो आणि त्या यंत्रांतहि नसतो, तो दोघांमधील करारांत असतो. हे करार कोणीं, केव्हां व कां केले, हें ठाऊक असलें म्हणजे दोष शोधणें पुष्कळ सोपें होतें. म्हणून ती संध्याकाळ आणि तो इतिहास आम्ही येथें बरोबरच सांगणार आहों.

चांगला वैद्य दुखणें कोठें आहे हें सांगण्यापूर्वीं तें कोठें नाहीं हें ठरवितो. मोबाइल चालत होते. यावरून बाहेरची वाहिनी व घरांतील राउटर सामान्यतः ठीक आहेत, एवढें सिद्ध होतें. मग पाहावयाचें तें हें कीं, संगणकास बिनतारी लहरी ऐकण्याचा कान तरी आहे काय? हा प्रश्न हास्यास्पद नाहीं. अॅपल कंपनीनें १९९९च्या जुलै महिन्यांत न्यूयॉर्क येथें आपला आयबुक नांवाचा उचलून नेण्याजोगा संगणक बिनतारी जोडणीसह लोकांपुढें मांडला, आणि २००३ सालीं इंटेल कंपनीनें सेंट्रिनो नांवानें ही सोय अशा फिरत्या संगणकांत सर्रास आणली. मेजावरचा संगणक मात्र भिंतीजवळ, तारेजवळ बसलेला. त्यास लहरींची गरज काय, असें धरून पुष्कळ यंत्रांत ही सोय वर्षानुवर्षें घातलीच गेली नाहीं. अशा यंत्रास पाठीमागें बोटाएवढा एक तुकडा, ज्यास बाजारांत डाँगल म्हणतात, तो लावावा लागतो. तो सैल बसला, किंवा त्यास चालविणारी ड्रायव्हर नांवाची आज्ञावली नाहींशी झाली, कीं कान बहिरा. अण्णांच्या डाँगलचा दिवा लुकलुकत होता, आणि पडद्यावर आसपासच्या दहा-बारा जाळ्यांचीं नांवें दिसत होतीं. तेव्हां कान शाबूत होता.

येथें अण्णा किंचित् ओशाळून म्हणाले, "मी रोज सकाळीं यंत्र बंद करून पुन्हां चालू करतों. सगळे तेंच सांगतात." आम्हांस हंसूं आलें, कारण हा उपदेश दिसतो त्याहून फार जुना आहे. १८९० सालीं ब्रान्ली या फ्रेंच शास्त्रज्ञानें धातूच्या किसानें भरलेली एक कांचेची नळी प्रसिद्धीस आणली. विजेची लहर आली म्हणजे तो कीस परस्परांस चिकटे व त्यांतून प्रवाह वाहूं लागे. पण एकदां चिकटलेला कीस आपण होऊन सुटत नसे. दुसरी लहर ऐकावयाची तर नळीस टिचकी मारून तो मोकळा करावा लागे. इंग्लंडांत लॉज यांनीं १८९४ सालीं या टिचकीसाठीं यंत्राची योजना केली. रशियांत पोपोव्ह यांनीं १८९५ सालीं घंटेच्या हातोडीकडूनच तें काम करून घेतलें. त्याच सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बसु यांनीं भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली. बिनतारी विद्येचा पहिला कान असा प्रत्येक शब्दानंतर टिचकी मागणारा होता. आजचें 'बंद करून चालू करणें' ही तीच टिचकी होय : गुंतलेलें यंत्र पुन्हां मूळ स्थितीस येतें. तिनें गुण येतो हें खरें, पण रोग काय होता हें ती सांगत नाहीं. आणि तीन आठवडे टिचकी मारूनहि कीस सुटत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधलें पाहिजे.

दुसरी शंका जागेची व गर्दीची. संगणकाची पेटी धातूची, ती मेजाखालीं, आणि डाँगल तिच्याहि मागें. म्हणजे कानावर पत्र्याचें झांकण. शिवाय घरांतल्या लहरी भिंतींवर, कपाटांवर आपटून अनेक वाटांनीं येतात व एकीचा प्रतिध्वनि दुसरीत मिसळतो. या गोंधळावर एक प्रभावी उपाय ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेंतील जॉन ओ'सलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं काढला. ओ'सलिव्हन हे १९७०नंतरच्या दशकांत, फुटणाऱ्या कृष्णविवरांपासून येऊं शकणारे क्षीण रेडिओस्पंद शोधीत होते. ते स्पंद सांपडले नाहींत. पण अस्पष्ट लहर स्वच्छ करण्याची जी गणिती दृष्टि त्या शोधांत तयार झाली, ती पुढें घरांतल्या प्रतिध्वनीच्या कामीं आली व १९९६ सालीं अमेरिकेंत तिचें पेटंट मंजूर झालें. आकाशांत हरवलेला प्रयोग असा दिवाणखान्यांत फळास आला.

गर्दीची कथा याहून उद्बोधक आहे. आकाशांतील लहरींवर बहुतेक देशांत सरकारची मालकी मानलेली. आपल्याकडे १८८५चा तारखात्याचा कायदा व १९३३चा बिनतारी यंत्रांचा कायदा यांनीं परवान्यावांचून असें यंत्र बाळगणेंहि गुन्हा ठरविलें होतें. घरांतील रेडिओसाठीं पोस्टांत जाऊन दरसाल परवाना नवा करून आणल्याची आठवण अनेक घरांतून वडील माणसें अजून सांगतात. मात्र १९४७ सालीं अटलांटिक सिटी येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें कांहीं पट्टे उद्योग, विज्ञान व वैद्यक यांतील उपकरणांसाठीं बाजूस काढले. त्यांतच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे सेकंदास सुमारें दोनशें चाळीस कोटि कंपनें होणारा पट्टा होता. अन्न शिजविणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्या याच पट्ट्यांत चालूं लागल्या. संदेशवहनाच्या दृष्टीनें ही पडीक जमीन. मौल्यवान् म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नव्हतें.

या पडीक जमिनीचें गायरान झालें तें ९ मे १९८५ रोजीं. अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें, मायकेल मार्कस या आपल्या अभियंत्याच्या खटपटीमुळें, अशा तीन पट्ट्यांत कोणासहि परवान्याशिवाय, थोड्या शक्तीनें व लहर रुंद पसरून संदेश पाठविण्याची मोकळीक दिली. अट एवढीच कीं, परवानेदारास उपद्रव देऊं नये आणि इतरांच्या उपद्रवाबद्दल तक्रार करूं नये. भारतांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५च्या जानेवारींत परवानामुक्त झाला. गायरानांत गुरें चारण्यास पाटलाची चिठ्ठी लागत नाहीं, पण गुरांची दाटी झाली तर दाद मागण्यास चावडीहि नसते. घरांतील बिनतारी जोडणीचें हेंच आहे. भट्टी चालू असतां जोडणी अडखळते, शेजाऱ्यांचे राउटर एकाच वाटेवर ओरडतात, पण गुन्हेगार कोणीच नसतो. या पट्ट्यांतल्या वाटा इतक्या जवळजवळ आखलेल्या आहेत कीं परस्परांत न मिसळणाऱ्या तीनच : पहिली, सहावी व अकरावी. गर्दी असेल तर यांतली मोकळी वाट राउटरास नेमून द्यावी, आणि डाँगल एका लांब तारेनें पेटीपासून दूर, उघड्यावर आणावा. आम्हीं दोन्ही करून पाहिलें. घरच्या जाळ्याचें नांव पूर्ण जोरानें दिसूं लागलें. पण जोडणी होईना.

तिसरी गोष्ट बोलण्याच्या रीतीची. एकाच हवेंत अनेकांनीं बोलावयाचें तर पाळी कोणी ठरवावी? या प्रश्नाचें एक धीट उत्तर १९७१ सालीं हवाई विद्यापीठांत नॉर्मन एब्रॅमसन व त्यांच्या मंडळींनीं दिलें. विद्यापीठाच्या शाखा निरनिराळ्या बेटांवर. टेलिफोनच्या तारा महाग व बेभरंवशाच्या. त्यांनीं 'अलोहा' नांवाचें जाळें रचलें. नियम सोपा : सांगावयाचें असेल तेव्हां सांगून टाकावें, पोंच आली नाहीं तर दुसऱ्याशीं टक्कर झाली असें समजून, वाटेल तितका वेळ थांबून पुन्हां सांगावें. या मोकळेपणांत वाहिनीच्या सामर्थ्याचा जास्तींत जास्त सुमारें अठरा टक्केच भाग कामीं येतो, असें गणितानें दिसलें. तरी अध्यक्षावांचून सभा चालूं शकते हें सिद्ध झालें. १९७३ सालीं रॉबर्ट मेटकाफ यांनीं झेरॉक्सच्या प्रयोगशाळेंत हीच कल्पना तारेवर आणली व तिला 'ईथरनेट' नांव दिलें. तींत 'बोलण्यापूर्वीं ऐकावें' हा शिष्टाचार आला. बिनतारी यंत्रास स्वतः बोलत असतां दुसऱ्याचें ऐकूं येत नाहीं. म्हणून त्याच्यासाठीं हा शिष्टाचार अधिक कडक केला गेला : ऐकावें, जागा मोकळी दिसली तरी क्षणभर थांबावें, मग बोलावें, आणि पोंच मागावी.

पण रीति एक असली तरी ती सर्वांनीं सारखीच पाळली पाहिजे. गायरान मोकळें झाल्यावर जो तो आपल्या पद्धतीनें यंत्रें करूं लागला, आणि एकाचें यंत्र दुसऱ्याशीं बोलेना. एन्‌सीआर ही दुकानांतील गल्ल्याचीं यंत्रें करणारी कंपनी. दुकानाची मांडणी बदलली कीं तारा उखडाव्या लागत, म्हणून तिला बिनतारी गल्ला हवा होता. तिच्या हॉलंडमधील शाखेंतील व्हिक हेझ हे १९९०पासून दहा वर्षें, अनेक प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या अभियंत्यांस एका मेजाभोंवतीं बसविणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. त्या समितीचा पहिला करार, ८०२.११ या रुक्ष क्रमांकाचा, १९९७ सालीं प्रसिद्ध झाला; १९९९ सालीं त्याची वेगवान आवृत्ति निघाली. त्याच वर्षीं कंपन्यांनीं संघ स्थापून, करार पाळणाऱ्या यंत्रांस 'वाय-फाय' असा शिक्का देण्याचें ठरविलें. हें नांव कोणत्याहि शब्दांचें संक्षिप्त रूप नव्हे; नामकरण करणाऱ्या एका धंदेवाईक संस्थेकडून तें घडवून घेतलेलें आहे. असे करार समितीच्या खोल्यांत वर्षानुवर्षें वाद घालून होतात, आणि पुष्कळदां यशस्वी झाले म्हणूनच विसरले जातात.

येथपर्यंत आल्यावर आम्हीं अण्णांस इतिहासकाराचा प्रश्न विचारला : "हें शेवटचें केव्हां चाललें, आणि त्यानंतर घरांत काय बदललें?" वास्तविक हा प्रश्न आरंभींच विचारावयाचा. अण्णांनीं पंचांगाजवळ ठेवलेली वही पाहिली. शेवटचें बोलणें एका रविवारचें. त्याच आठवड्यांत घरीं नवा राउटर आला होता. जाळ्याचें नांव व पासवर्ड चिरंजीवांनीं पूर्वींचेच ठेवले होते, म्हणून मोबाइलांस बदल कळला नाहीं व घरांतील कोणासहि तो आठवला नाहीं. "कुलूप मात्र सर्वांत कडेकोट लावलें आहे," चिरंजीव म्हणाले. आणि गांठ येथेंच सांपडली.

त्या कुलुपालाहि इतिहास आहे. १९९७च्या करारांत 'वेप' नांवाचें कुलूप होतें. अमेरिकेबाहेर बळकट गुप्तलिपि पाठविण्यावर त्या काळीं निर्बंध असल्यामुळें त्याची किल्ली मुळांत आखूड ठेवलेली. परंतु किल्लीहून मोठा दोष कुलुपाच्या रचनेंतच होता. फ्लुरर, मँटिन व शमीर यांनीं २००१ सालीं तो दाखविला, आणि थोड्याच दिवसांत वेप उघडणें हा पोरखेळ झाला. २००३ सालीं तात्पुरतें 'डब्ल्यूपीए', २००४ सालीं पक्कें 'डब्ल्यूपीए-दोन', आणि २०१८ सालीं 'डब्ल्यूपीए-तीन' अशीं कुलुपें क्रमानें आलीं. अण्णांचा डाँगल २०१४ सालचा. दुसरें कुलूप त्यास उघडतां येतें, तिसरें त्यानें कधीं पाहिलेंच नाहीं. नव्या राउटरवर फक्त तिसरेंच ठेवलेलें. पासवर्ड बरोबर, लहर जोरदार, कान शाबूत. पण दोघांची भाषाच जुळत नव्हती. पडद्यावर मात्र 'या जाळ्यास जोडतां आलें नाहीं' एवढेंच वाक्य उमटे. यंत्रांस कारण सांगण्याची संवय नसते. आणि कारण न सांगितल्यामुळेंच दोष म्हातारपणाच्या माथीं बसला.

उपाय सांगतांना चिरंजीवांची बाजूहि आम्हांस मान्य करावी लागली. दुसऱ्या कुलुपांतील एक वैगुण्य २०१७ सालीं उघडकीस आलें होतें. त्यावर दुरुस्ती निघाली, तरी तिसरें अधिक बळकट हें खरें. पुष्कळ राउटरांवर पाहुण्यांसाठीं वेगळें जाळें काढतां येतें. त्यावर जुनें कुलूप ठेवावें, अशी सूचना चिरंजीवांनीं केली. सूचना शास्त्रशुद्ध होती. पण अण्णांस त्यांच्याच घरांत पाहुणे करणें कोणासच रुचेना. अखेर राउटरास 'दुसरें व तिसरें दोन्ही चालतील' अशी आज्ञा दिली, आणि नव्या कुलुपाचा डाँगल पुढें आणावयाचा असें ठरलें. वेपला मात्र कोणी पुन्हां दार उघडूं नये, एवढें येथें सांगितलेंच पाहिजे. जुन्यास जागा देणें निराळें, आणि मोडकें कुलूप जुनें म्हणून लावणें निराळें.

संगणक मिनिटाभरांत जोडला गेला. तरीहि आम्हीं पुढच्या पायऱ्या तपासल्या, कारण जाळ्यांत शिरणें म्हणजे जगांत पोंचणें नव्हे. जाळ्यांत शिरलेल्या यंत्रास राउटर एक क्रमांकाचा पत्ता देतो. ही वांटप करण्याची पद्धति १९९३ सालची. पत्ता मिळाला नाहीं तर यंत्र स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण करतें; तो १६९.२५४ या अंकांनीं सुरू होतो. तो दिसला कीं समजावें, यंत्र उंबऱ्याच्या आंत आलें पण त्यास पाट मिळाला नाहीं. पुढें नांवांची गोष्ट. संकेतस्थळाचें नांव माणसासाठीं. यंत्रास त्याचा क्रमांक हवा. पूर्वीं सर्व नांवांची एकच यादी एके ठिकाणीं राखीत. ती आवरेना, म्हणून १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं अनेकांत वांटलेली नांवनिशीची व्यवस्था रचली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत माइक मूस यांनीं 'पिंग' नांवाची छोटी आज्ञावली लिहिली. ती पलीकडच्या यंत्रास हांक मारते व ओ येण्यास किती वेळ लागला तें सांगते. प्रथम राउटरास हांक, मग बाहेरच्या एखाद्या क्रमांकास, मग एखाद्या नांवास. ज्या हांकेस ओ येत नाहीं तेथें दोष. आपल्या मागील आळींत हरवलेलें मूल शोधतांना बायका याहून निराळें कांहीं करीत नाहींत. अण्णांच्या तिन्ही हांकांस ओ आली.

तो वार गुरुवार होता. रविवारीं सायंकाळीं भिंतीपलीकडून नातवंडांचा गलबला व अण्णांचा चढा आवाज आम्हांस ऐकूं आला. दूरच्या माणसाशीं मोठ्यानें बोलावें लागतें, ही त्यांची समजूत अद्याप गेलेली नाहीं. दुसऱ्या दिवशीं चिरंजीव जिन्यांत भेटले. नवा डाँगल आणला आहे, असें त्यांनीं आपण होऊन सांगितलें, आणि मग थोडें थांबून म्हणाले, "यंत्र आधीं अण्णांना विचारून मगच काढायचें, असं ठरवलंय."